सगळे सूर बरोबर, तरी घर चुकलं: कानबाईच्या रात्रीचं एक प्रकरण

अमळनेरला मी पेटी आणि कीबोर्ड शिकवतो. आषाढीनंतर लग्नं थांबली की बँडवाल्या पोरांचे हात रिकामे होतात आणि त्यातली दोन-चार माझ्या वर्गाला येऊन बसतात. हे प्रकरण त्यांतल्याच एकाचं आहे. वय बावीस, तीन हंगाम बँडच्या गाडीवर कीबोर्ड वाजवलेला, हात चांगला चालतो. अहिराणी गाणं एकदा ऐकलं की दुसऱ्यांदा वाजवतो. शिवाय मोबाइलवर व्हिडिओ बघून त्याने सातही मोड, म्हणजे पाश्चात्य संगीतातल्या सात सुरावळी, पाठ केले होते: आयोनियन, डोरियन, फ्रिजियन, लिडियन, मिक्सोलिडियन, एओलियन, लोक्रियन. मोड म्हटलं की आमच्याकडे मटकीला येतात ते, असं मी पहिल्या दिवशी म्हणालो होतो. तो हसला नाही.

नागपंचमीनंतरच्या रविवारी त्याच्या गल्लीत कानबाई, म्हणजे आमच्या खानदेशातली श्रावणातली देवी, बसल्या. रोट, खीर, गंगाफळाची भाजी सगळं आटोपलं आणि रात्री गाण्यांना सुरुवात झाली. गाणारी त्याची मोठी माय. सत्तरीच्या पुढची, आवाज जाड, जमिनीला धरून. पहिली दोन गाणी तिने नुसत्या ढोलकीवर म्हटली. मग कुणीतरी या पोराला म्हणालं, अरे तुझा बाजा आण की. त्याने कीबोर्ड आणला, तिसऱ्या गाण्याला साथ धरली, आणि चौथ्या कडव्यात गाणं फाटलं.

फाटलं म्हणजे बंद पडलं नाही. मागे म्हणणाऱ्या आठ-दहा बायका होत्या, त्यांचे दोन तट पडले. निम्म्या बायका ओळीच्या शेवटी मोठ्या मायसोबत थांबायच्या, निम्म्या एक स्वर खाली घसरून कीबोर्डसोबत. मोठ्या मायने ती ओळ तीनदा म्हटली, ढोलकीवाल्याकडे बघितलं, आणि मग पोराला म्हणाली, "तुना बाजानं घर येगळं शे रे भाऊ." त्याने कीबोर्ड बंद केला. गाणं पुढे ठीक चाललं, सोमवारी सकाळी विसर्जनही झालं. पण त्याला ते लागलं, कारण त्याच्या मते त्याचा एकही सूर चुकला नव्हता.

खरंच चुकला नव्हता. बुधवारी तो मोबाइलवरचं रेकॉर्डिंग घेऊन आला. मी तीनदा ऐकलं, बेसूर एकही जागा नाही. म्हणूनच हे प्रकरण लिहायच्या लायकीचं वाटलं.

त्याने केलं काय

बँडमध्ये एक सवय असते आणि ती मीही या पोरांना लावलेली आहे, तेव्हा दोष वाटून घेतो. गायक कुठल्याही पट्टीत गायला तरी बोटं पांढऱ्या पट्ट्यांवरच ठेवायची आणि बाकीचं काम ट्रान्सपोजच्या, म्हणजे सगळे सूर एकदम वर-खाली सरकवणाऱ्या, बटणाकडे सोपवायचं. वरातीत, हलत्या गाडीवर, समोर पाचशे लोक नाचत असताना हे शहाणपणाचंच आहे. त्या रात्रीही त्याने तेच केलं. मोठ्या मायचे सूर कानाने पकडले, बटण फिरवत गेला आणि उणे चारवर सगळे सूर पांढऱ्या पट्ट्यांवर आले. एकही काळी नको. मग निष्कर्ष: पांढऱ्या पट्ट्या म्हणजे सी मेजर, सा पांढरी एकवर; बटण उणे चार म्हणजे प्रत्यक्षात सा सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीवर, काळी चार. गाणं काळी चारचं, मेजर.

आता तिची ओळ बघा. तिच्या बाजूने लिहिली तर अशी: नी सा रे ग रे सा, सा म प म ग रे सा. ग कोमल, म्हणजे अर्धा स्वर उतरलेला, नी कोमल आणि तोही खालचा. थांबते ती सा वर. हीच ओळ पोराच्या पट्ट्यांवर अशी पडली: सा रे ग म ग रे, रे प ध प म ग रे. सूर तेच, पट्ट्या त्याच. फक्त तिचं घर, म्हणजे तिचा सा, त्याच्या 'रे'वर होतं. ती गात होती काळी पाचमध्ये, तो साथ करत होता काळी चारला.

मी त्याला विचारलं, "ओळ दर वेळी 'रे'वर संपतेय, हे खटकलं नाही?"

"खटकलं ना सर. म्हणून तर मी शेवटी सा लावला."

म्हणजे तिची ओळ त्याला अर्धवट वाटत होती आणि ती पूर्ण करायला तो दर ओळीनंतर सी मेजरची भरघोस कॉर्ड, म्हणजे तीन सूर एकदम, देत होता. मोठी माय घरी येऊन पायरीवर बसायची आणि हा शेजारच्या घराचं दार उघडून "या, आत या" म्हणायचा. निम्म्या बायका गेल्या आत.

डोरियन त्याला पाठ होता. ज्या पट्ट्यांवर बोटं होती तो तंतोतंत डोरियनच होता, पांढरी दोनपासून पांढरी दोनपर्यंत. व्हिडिओत तो रोज वीस मिनिटं घोटत होता. प्रत्यक्ष समोर आला तेव्हा ओळखला नाही.

पहिला उपाय, जो फसला

मी फळ्यावर नेहमीचं कोष्टक काढलं. पांढरी एकपासून वाजव, बिलावल थाट (थाट म्हणजे रागांच्या गटाचं सात स्वरांचं सप्तक), तेच आयोनियन. दोनपासून काफी, तेच डोरियन. तीनपासून भैरवी, फ्रिजियन. चारपासून कल्याण, लिडियन. पाचपासून खमाज, मिक्सोलिडियन. सहापासून आसावरी, एओलियन. सातपासून लोक्रियन, आणि त्याला आपल्याकडे थाटच नाही, कारण त्यात पंचम उतरतो आणि आपण सा आणि प दोघांनाही हलू देत नाही. भातखंड्यांनी (१८६०–१९३६) राग ज्या दहा थाटांत लावले त्यातले हे सहा. उरलेले चार, म्हणजे भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी, नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांवर कुठूनही सुरुवात केली तरी सापडत नाहीत. तिकडे युरोपात ग्लारेआन नावाच्या पंडिताने १५४७ साली आयोनियन आणि एओलियनला मोडांच्या यादीत जागा दिली. 'नी'पासूनचा मात्र त्यानेही नाकारला. दोन टोकांच्या दोन परंपरांनी एकाच पोराला घरात घेतलं नाही, याची मला गंमत वाटते.

कोष्टक पोराने एका दिवसात पाठ केलं. दोन आठवडे मी त्याच्याकडून घोटून घेतलं. मग रेकॉर्डिंगमधलं पहिलं, बिनकीबोर्डचं गाणं लावलं आणि म्हणालो, साथ कर. त्याने पुन्हा सी मेजर दिला.

चूक माझी होती. पांढऱ्या पट्ट्यांवर दोनपासून दोनपर्यंत तो पळत होता खरा, पण कानात त्याच्या अजून पांढरी एकच सा होती. त्याला ऐकू येत होतं 'रे ग म प ध नी सा रे'. सुरुवातीची जागा बदलली की घर बदलत नाही. अमळनेरहून धुळ्याला जाणारा माणूस पारोळ्याच्या स्टँडवर गाडीत चढला म्हणून पारोळ्याचा होत नाही. बहुतेक पुस्तकं आणि जवळजवळ सगळे व्हिडिओ मोड असेच शिकवतात, आणि त्यातून बोटांना सात वाटा कळतात, कानाला एकही नाही.

दुसरा उपाय

फळा पुसला. कीबोर्डचं ट्रान्सपोज शून्यावर आणलं आणि बटणावर चिकटपट्टी लावली. मोबाइलवर तानपुरा लावला, पट्टी पांढरी एक, सा आणि प. तो सुरू असेपर्यंत सा हलणार नाही हा नियम. मग बिलावल वाजवायला सांगितला, आणि एका वेळी एकच स्वर उतरवत गेलो.

आधी नी कोमल. झाला खमाज. हा त्याला लगेच ओळखू आला, बँडमध्ये अर्धी नाचायची गाणी याच रंगाची. मग तसंच ठेवून ग कोमल, झाला काफी. इथे तो थांबला. पुन्हा ग शुद्ध केला, पुन्हा कोमल. चार-पाच वेळा. "सर, हा तर मोठ्या मायचा ग आहे." मी काही बोललो नाही. मग ध कोमल, आसावरी. मग रे कोमल, भैरवी. कार्यक्रम संपत आल्याचा वास आला म्हणाला. पुढची पायरी प उतरवण्याची, तीच ती लोक्रियनची. तानपुरा तिथे सरळ भांडायला लागतो. ते भांडण त्याला ऐकवलं आणि पुढे गेलो. परत बिलावलवर येऊन उलट्या दिशेने म चढवला, तीव्र केला, झाला कल्याण. एका स्वराने खोलीतला उजेड बदलतो.

सगळ्यात उजळ कल्याण, मग बिलावल, खमाज, काफी, आसावरी, भैरवी. प्रत्येक पायरीला एक स्वर खाली. फळ्यावरच्या कोष्टकात हा क्रम दिसतच नाही. पांढरी एक, दोन, तीन असे जाल तर उजळ-अंधार-अंधार-उजळ अशी भेळ होते.

त्या आठवड्यात त्याला आणखी एक खेळ दिला, तो मला स्वतःला फार आवडतो. फक्त काळ्या पट्ट्या, पाचच. तानपुरा काळी तीनला लावला की तो भूप. पट्ट्या त्याच ठेवून तानपुरा काळी चारला नेला की मधमाद सारंग. काळी पाचला मालकंस, काळी एकला दुर्गा, काळी दोनला धानी. बोटं कुठेच हलवायची नाहीत, फक्त तानपुरा हलवायचा. मूर्च्छनेची, म्हणजे सूर तेच ठेवून सा हलवण्याची, कल्पना भरताच्या नाट्यशास्त्राइतकी जुनी आहे. ती याहून कमी शब्दांत कशी सांगणार? अर्थात मालकंसाचे पाच स्वर वाजले म्हणजे मालकंस वाजला असं नव्हे, तसंच काफी थाटाचे सात स्वर म्हणजे राग काफी नव्हे. भीमपलास आणि बागेश्री त्याच थाटातले, चालीने वेगळे. हे मी त्याला सांगितलं आणि मग त्या वाटेला गेलोच नाही, कारण प्रश्न साथीचा होता.

काळ्या पट्ट्यांवर तासभर गेल्यावर त्याने आपणहून रेकॉर्डिंग मागितलं. मी म्हणालो, वाजवू नकोस, फक्त ऐक, आणि लाइट गेली असं समज. ढोलकी थांबली, मोबाइल बंद पडला, सगळं गप्प. तुझ्या कानात कोणता सूर उरला? त्याने गुणगुणला. पेटीवर तपासला. काळी पाच. मग तानपुरा काळी पाचला लावून गाणं पुन्हा ऐकवलं, आणि नंतर मुद्दाम काळी चारला लावून. काळी चारला ऐकताना त्याने तोंड वाकडं केलं. तीच जागा त्याने कानबाईच्या रात्री वीस मिनिटं वाजवली होती.

ध कुणाचा?

आता घर सापडलं, तरी साथ काय करायची हा प्रश्न होताच. चिकटपट्टी काढली आणि पुन्हा पांढऱ्या पट्ट्यांवर आलो, बटण उणे चार, पण या वेळी घर पांढरी दोन. डी म्हणजे ही पांढरी दोनच, तेव्हा डी मायनरची कॉर्ड धरून बसायचं. त्याने मधे बी फ्लॅट मेजर घातली, म्हणजे या घरातल्या कोमल ध वरची कॉर्ड. छान लागली. इतकी छान की कानबाईचं गाणं एकदम सिनेमातल्या ताटातुटीचं झालं. "सर, काय भारी वाटतंय!" भारी वाटत होतं, पण कुणाचं?

मी त्याला तिची ओळ पुन्हा लिहायला लावली. नी सा रे ग म प. यात ध आहेच कुठे? गाणं खालच्या नी पासून प पर्यंत जातं आणि परत येतं. ध शुद्ध असेल तर काफी, कोमल असेल तर आसावरी, आणि मोठ्या मायने तो मुद्दा उघडाच ठेवलाय. साथ करणारा जी मेजर घेतो तेव्हा तो तिच्या वतीने शुद्ध ध बोलून टाकतो, बी फ्लॅट घेतो तेव्हा कोमल. पाच-सहा स्वरांत फिरणाऱ्या लोकगीतांत हा पेच नेहमीचा आहे आणि कीबोर्डवाले तो सवयीने सोडवतात, ऐकून नाही.

म्हणून आम्ही दोघं एका दुपारी तिच्या घरी गेलो. चहा झाला. मी म्हणालो, माय, वर चढणारं एखादं म्हणा. तिने दुसरंच एक म्हटलं, त्यात एका ठिकाणी आवाज प च्या वर गेला. शुद्ध ध, जवळजवळ. पोराने माझ्याकडे बघितलं. काफी. घरी येऊन बी फ्लॅट काढून टाकली आणि डी मायनर–जी मेजर अशी दोनच कॉर्ड्सची ये-जा ठेवली. डोरियनचा रंग या दोन कॉर्ड्सच्या मधोमध दिसतो, कारण त्या जी मेजरच्या पोटात तो शुद्ध ध बसलेला असतो.

इथेही एक खड्डा होता आणि तो त्यात पडला. जी मेजर जरा लांबली, त्यात सवयीने एफ मिसळून जी सेव्हन झाली, की कान सी कडे धावतो. सिनेसंगीतावर पोसलेला आपला कान ती कॉर्ड ऐकली की पुढचं दार उघडणार असं गृहीत धरतो. दोनदा सराव करताना तो पुन्हा काळी चारच्या घरात जाऊन बसला, आणि या वेळी त्याला स्वतःलाच कळलं. उपाय साधे: डाव्या हाताचा खालचा सूर घरावरून हलवायचा नाही, जी थोडा वेळच घ्यायची, आणि तिच्यात एफ मिसळायचा नाही. माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या 'काइंड ऑफ ब्लू'मधलं पहिलं वादन मी त्याला ऐकवलं: सोळा मात्रागट डी डोरियनमध्ये, आठ अर्ध्या स्वराने वर, आठ परत खाली. माणसं तिथे कॉर्डमागून कॉर्ड पळवत नाहीत, घरात बसून राहतात. त्याला ते संथ वाटलं. "नाचणार कोण सर याच्यावर?" हा प्रश्नही बरोबरच आहे.

हंगामात

तुळशीचं लग्न लागलं आणि तो बँडवर परतला. बाकीच्या मोडांचा उपयोग तिथे झाला, पण थोडकाच. खमाजच्या रंगात डी मेजर आणि सी मेजर अशी ये-जा धरून त्याने वरातीत दीड मिनिटाचा तुकडा बसवला. घर डी, आणि रंग आणणारा कोमल नी तो दर चौथ्या ठेक्याला मुद्दाम दाखवायचा, मग घरी. ते लोकांना आवडलं. एकदा हळदीला त्याने कल्याणचा तीव्र म घोळवायचा प्रयत्न केला. बँडच्या मालकांनी खालून हात केला की लांबवू नको. त्याने लांबवलं नाही. फ्रिजियन वगैरे त्याने गाडीवर काढलाच नाही, आणि मला त्यात गैर वाटलं नाही. सात मोड येतात म्हणून सात वाजवायचे, हा हट्ट आधी होता, तो गेला.

एक गोष्ट मात्र बदलली, असं त्याच्या सोबतच्या ढोलकीवाल्याने मला सांगितलं. नवा गायक आला की आधी हा बटण फिरवत सुटायचा. आता पहिलं कडवं नुसतं ऐकतो, ओळ कुठे येऊन टेकते ते बघतो, डाव्या हाताने तेवढा एकच सूर हळू लावून बघतो. गायकाने मान हलवली की मग बटण.

यंदाची कानबाई

यंदा मला बोलावणं होतं, म्हणून हे डोळ्यांनी बघितलं. कीबोर्ड आधीपासूनच मांडलेला होता. मोठी माय बसली, बाजाकडे बघितलं, काही बोलली नाही. पहिलं गाणं त्याने सोडलं. दुसऱ्याला डाव्या हाताने सा आणि प, एवढंच. ग सुद्धा नाही, कॉर्ड नाहीच. तिसऱ्या कडव्यानंतर उजव्या हाताने तिच्या ओळीमागून ओळ, एक श्वास मागे. बायका सगळ्या एकाच जागी थांबत होत्या. तो हळूच जी मेजरवर जाऊन यायला लागला, तेही बसलं.

मग तिने ते वर चढणारं गाणं काढलं. मी कान टवकारले. तिचा आवाज प च्या वर गेला आणि त्या ध वर टेकला. दुपारी तिच्या घरी मी ज्याला 'शुद्ध, जवळजवळ' म्हटलं होतं तो ध रात्री, अंगात गाणं भिनल्यावर, तिथे नव्हता. शुद्धच्या खाली, कोमलच्या वर, दोघांच्या मधल्या कुठल्याशा जागी होता, आणि प्रत्येक कडव्यात नेमका तिथेच येत होता. कीबोर्डला त्या जागेची पट्टी नाही. जी मेजरमधला शुद्ध ध तिच्या ध ला घासत होता, मला लांबूनही ऐकू आलं.

पोराने माझ्याकडे बघितलं नाही. पुढच्या कडव्यात ती जागा यायच्या आधी त्याने उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. खाली सा आणि प चालू होते. ती वर गेली, टेकली, उतरली. मग त्याने हात परत पट्ट्यांवर आणला.